"पासिंग क्लिअर आहे" म्हणजे नक्की काय? जुन्या बाइकचा इतिहास जुळवताना

प्रश्न थोडक्यात असा. विक्रोळीच्या एका वाचकाला जुनी १५० सीसी बाइक घ्यायची आहे. नंबर एमएच ०३, नोंदणी नोव्हेंबर २०२०, बीएस-६ (नव्या प्रदूषण-निकषांची), मीटरवर २१,४०० किलोमीटर, मालक एकच. विकणारा म्हणतो, "पासिंग २०३५ पर्यंत क्लिअर, पीयूसी चालू, इन्शुरन्स चालू, आणखी काय पाहिजे?" या गाडीच्या आजवरच्या तपासण्यांची नोंद कुठे पाहायला मिळेल, असे त्यांनी विचारले आहे.

अशी नोंद कुठेही नाही. ती हरवलेली नाही किंवा कोणी लपवलेलीही नाही, ती मुळात तयारच होत नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी एमओटी चाचणी लागते, आणि प्रत्येक चाचणीला मीटरवर किती मैल होते हेही ऑनलाइन दिसते. परदेशी व्हिडिओ पाहून "हिस्ट्री चेक करा" हा सल्ला आपल्याकडे आला, पण ती हिस्ट्री नोंदवणारी व्यवस्था आली नाही. आपल्याकडे खासगी दुचाकीला पहिली पंधरा वर्षे सक्तीची यांत्रिक तपासणी नाही. विकणारा ज्याला "पासिंग" म्हणतो ती म्हणजे नोंदणीची मुदत. नवी गाडी शोरूममधून निघाली तेव्हाच आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, २०३५ छापले गेले. त्यानंतर गाडी दोनदा आपटली, एकदा पाण्यात बुडाली, तरी आरसीवर २०३५ च राहणार. त्यामुळे पंधरा वर्षांच्या आतल्या गाडीचे "पासिंग क्लिअर" हे तिच्या तब्येतीबद्दल काहीच सांगत नाही. पंधरा वर्षे झाल्यावर मात्र गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते आणि नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढते. अशी जुनी गाडी घेत असाल तर वाढवलेली मुदत आरसीवर चढली आहे का आणि पर्यावरण कर भरला आहे का, एवढे पाहा. उशीर झाला असेल तर महिन्यागणिक दंड चढलेला असतो, आणि तो शेवटी घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

मग करायचे काय? गाडी इतर कारणांनी जागोजागी तारखा सोडत जाते. पीयूसी, इन्शुरन्स, ई-चलन, सर्व्हिसचे जॉबकार्ड (केंद्राने ठेवलेली कामाची नोंद), टायर, बॅटरी. यातल्या कुठल्याही नोंदीचा हेतू तुम्हाला इतिहास सांगणे हा नाही, आणि म्हणूनच त्या विश्वासार्ह आहेत. विकायच्या वेळी त्या सगळ्या एकदम बदलायच्या हे कोणाला सहसा सुचत नाही, आणि जमतही नाही. एका कागदावर आडवी रेघ ओढा, डावीकडे नोव्हेंबर २०२०, उजवीकडे आजची तारीख. मिळेल ती प्रत्येक तारीख आणि शेजारी किलोमीटर असतील तर किलोमीटर मांडत जा. तपासणी म्हणजे एवढेच. पुढचे सगळे त्या रेघेवर काय आणि कसे मांडायचे याबद्दल आहे.

सुरुवात घरबसल्या होते. एमपरिवहन ॲपवर किंवा वाहन पोर्टलवर लॉगिन करून गाडीचा नंबर टाका. मालकाचे नाव अर्धे झाकलेले दिसते, पण नोंदणीची तारीख, मालकाचा अनुक्रमांक, इन्शुरन्स कधीपर्यंत, पीयूसी कधीपर्यंत, कर्ज कोणाचे, दुसऱ्या आरटीओकडे नेण्यासाठी एनओसी निघाली आहे का, गाडी काळ्या यादीत आहे का, हे सगळे कळते. आरसीवर उत्पादनाचा महिना वेगळा छापलेला असतो, तोही टिपून घ्या. उत्पादन आणि नोंदणी यांत सात-आठ महिन्यांचे अंतर असेल तर गाडी डीलरकडे पडून होती. त्यात गैर काही नाही, पण टायर-बॅटरीचे वय उत्पादनापासून मोजायचे असते. कर्जाच्या रकान्यात बँकेचे नाव असेल तर "हप्ते केव्हाच संपले" हे ऐकून पुढे जाऊ नका. बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (कर्ज संपल्याचा अर्ज) जोडून ती नोंद उतरवलेली दिसली पाहिजे. आधी विकणाऱ्याने ती उतरवावी, मग तुम्ही पैशाचे बोलावे. एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेत नंबर, चेसिस आणि इंजिन क्रमांक टाकून गाडी देशात कुठे चोरीची म्हणून नोंदली आहे का तेही बघता येते. पाच मिनिटांचे काम आहे, सोडू नका.

"एकच मालक" याचा अर्थ मुंबईत जरा सैल आहे. वाहन पोर्टलवर अनुक्रमांक १ दिसतो म्हणजे नाव एकदाही बदलले नाही, एवढेच. मूळ मालकाने नावबदलाचे फॉर्म २९ आणि ३० कोरे सही करून दलालाला दिले, दलालाने गाडी दुसऱ्याला दिली, त्याने दीड वर्ष चालवून तिसऱ्याला, आणि कागद तसेच पुढे सरकत राहिले, असे सर्रास चालते. बाजारात याला "ओपन फॉर्म" म्हणतात. म्हणून समोर उभा असलेला माणूस आणि आरसीवरचा माणूस एकच आहे का, हे आधार कार्डावरून पहिल्याच भेटीत बघा. "गाडी माझ्या मित्राची आहे, तो गावी गेलाय" म्हटले की मित्राशी व्हिडिओ कॉलवर बोला. विकणारा डीलर असेल तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचे अधिकारपत्र लागते. ते मागायला संकोच करू नका.

आता पीयूसी. बीएस-६ गाडीला पहिले वर्ष पीयूसी लागत नाही, पुढे दर वर्षी लागते. या गाडीची पहिली पीयूसी नोव्हेंबर २०२१ च्या आसपासची हवी, मग २२, २३, २४, २५. पोर्टलवर नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकले की चालू प्रमाणपत्र दिसते. जुनी मालकाकडे असतील तर मागा. तीन गोष्टी बघा. पहिली, तारखांमधली भोके. मधले वर्ष-दीड वर्ष पीयूसी नाही म्हणजे एकतर मालक बेफिकीर, नाहीतर गाडी उभी होती. उभी होती तर का? दुसरी, केंद्र कुठले आहे. मुंबईच्या गाडीची मधलीच एक पीयूसी सांगलीची किंवा नाशिकची असेल तर गाडी तिकडे होती, आणि विकणाऱ्याच्या गोष्टीत ते गाव आले पाहिजे. तिसरी, प्रमाणपत्रावरचा फोटो. नंबरप्लेटच्या आजूबाजूला मडगार्ड, टेललाइट, कॅरियर जे काही दिसते ते आजच्या गाडीशी जुळते का पाहा.

पण पीयूसी म्हणजे इंजिनची तपासणी नव्हे. ब्रेक, शॉकअप, चेसिस यांकडे कोणी बघत नाही. आणि मोजणीची नळी सायलेन्सरच्या तोंडाशी नुसती टेकवली, आत सरकवलीच नाही, तर बाहेरची हवा मिसळून आकडा खोटाच कमी येतो. विकायच्या आदल्या दिवशी काढलेल्या पीयूसीला म्हणून फार किंमत देऊ नये. सौदा पुढे गेला तर तुम्ही स्वतः उभे राहून, इंजिन गरम असताना, नळी नीट आत घालायला लावून पुन्हा काढा. दुचाकीला साधारण ५० रुपये लागतात. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मर्यादेला चिकटून आला तर एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर किंवा इंजेक्टर यांपैकी कुठेतरी काम आहे.

इन्शुरन्सच्या कागदात सगळ्यात जास्त माहिती असते, आणि सगळ्यात कमी लोक तो वाचतात. लोक फक्त "कधीपर्यंत" बघतात. तुम्ही नो क्लेम बोनसचा रकाना बघा. क्लेम न घेता पॉलिसी सलग चालू ठेवली तर हा बोनस एका वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के होतो. एक क्लेम घेतला की शून्य. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तरी शून्य. नोव्हेंबर २०२० ची गाडी, सलग पॉलिसी, एकही क्लेम नाही, तर नोव्हेंबर २०२५ च्या पॉलिसीवर ५० टक्के दिसले पाहिजेत. तिथे २० असेल तर २०२३-२४ च्या सुमारास काहीतरी घडले, एकतर क्लेम किंवा खंड. विकणाऱ्याला "अपघात झाला होता का?" असे विचारू नका, कोणीही नाहीच म्हणणार. "बोनस वीसच का आहे?" असे विचारा. उत्तर देताना माणूस आधी विचार करतो, आणि तेवढ्यात बरेच कळते.

यात दोन-तीन गुंते आहेत. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा सक्तीचा आहे, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा २०२० च्या शेवटी एकाच वर्षाचा मिळत होता. पोर्टलवर पाच वर्षे "विमा चालू" दिसले तरी २०२१ नंतर तो फक्त थर्ड पार्टीच असू शकतो, आणि त्यात बोनस नावाचा प्रकारच नसतो. म्हणजे शून्य बोनसचा अर्थ नेहमीच अपघात असा नसतो. उलट बाजूनेही फसगत होते. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. त्याने आधीच्या बाइकचा ५० टक्के या गाडीवर आणला असेल तर पहिल्या वर्षीच ५० दिसतील. शिवाय बोनस राखून ठेवणारे जोड-कव्हर घेतले असेल तर क्लेम होऊनही बोनस पडत नाही. म्हणून एक पॉलिसी पुरत नाही, सगळ्या मागा. बहुतेकांच्या ईमेलमध्ये त्या पडलेल्या असतात. मालकाने कंपनीला ईमेल करून या पॉलिसीवरचे क्लेम विचारले तर माहिती मिळते. जुलै-ऑगस्टमधला क्लेम दिसला की पुढे पाण्याबद्दल लिहिले आहे ते दोनदा वाचा.

ई-चलन हा तर मुंबईत फुकट मिळणारा पुरावा. महाट्रॅफिकच्या ई-चलन पानावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिनचे शेवटचे चार आकडे टाकले की चलने दिसतात. केंद्राच्या ई-चलन पोर्टलवरही बघा. थकबाकी विकणाऱ्याने आधी भरायची, नाहीतर नाव बदलताना काम अडकू शकते. पण पैसे हा वेगळा विषय. चलनात तारीख, वेळ, ठिकाण आणि बहुधा फोटो असतो. विकणारा म्हणतो गाडी फक्त ऑफिसला जायला वापरली, आणि चलने आहेत दुपारी तीनला पवईत, रात्री साडेअकराला लोखंडवालात, रविवारी दुपारी चेंबूरला, तर ही गाडी ऑफिसला जाणाऱ्याची नव्हे, डिलिव्हरीची आहे. फोटोत पाठीवर चौकोनी बॅग दिसली तर प्रश्नच मिटला. डिलिव्हरीची गाडी वाईटच असते असे नाही, तिचे ऑइल पुष्कळदा वेळेवर बदललेले असते. पण रोजचे १०० किलोमीटर धरले आणि महिन्याचे २६ दिवस, तर वर्षाला ३१,२०० होतात. अशा गाडीच्या मीटरवर २१,४०० कसे?

इथून आपण मीटरवर येतो. पाच वर्षांत २१,४०० म्हणजे वर्षाला सव्वाचार हजार, दिवसाला बारा किलोमीटरही नाही. विक्रोळीहून घाटकोपर स्टेशनला जाऊन येण्याएवढे. असे होऊ शकते, पण मग मालकाची दिनचर्या तशी असायला हवी. डिजिटल मीटर मागे फिरवता येतो, अख्खा बदलताही येतो, त्यामुळे मीटरला विचारून उपयोग नाही. जॉबकार्डला विचारा.

नवीन गाडीच्या फुकट सर्व्हिसेस अधिकृत केंद्रात होतात आणि तिथे चेसिस क्रमांकावर तारीख-किलोमीटर चढतात. त्याच कंपनीच्या दुसऱ्या केंद्रातही बहुधा हे दिसते. मालकाला सोबत घेऊन जा, किंवा त्यालाच त्याच्या मोबाइलवर मागवायला सांगा. फुकट सर्व्हिसेस संपल्या की बहुतेक लोक गल्लीतल्या गॅरेजकडे वळतात आणि नोंद थांबते. हरकत नाही, पहिले एक-दीड वर्ष मिळाले तरी चढ कळतो. समजा जॉबकार्डे अशी निघाली: डिसेंबर २०२० ला ७३० किलोमीटर, मे २०२१ ला ४,९००, नोव्हेंबर २०२१ ला ११,२००. म्हणजे पहिल्याच वर्षी अकरा हजार, आणि नंतरच्या चार वर्षांत मिळून दहा हजार? शक्य आहे, नोकरी बदलली असेल, घरून काम सुरू झाले असेल. पण मग तो बदल कागदावर दाखवा. आणि एप्रिल-मे २०२१ मध्ये मुंबईत कोरोनाचे निर्बंध होते, सामान्य माणसाची बाइक खालीच उभी होती. त्या दोन महिन्यांत जी गाडी भरपूर पळाली ती अत्यावश्यक सेवेत किंवा डिलिव्हरीत होती.

गल्लीतल्या गॅरेजची बिले मिळाली तर सोने. त्यावर किलोमीटर नसले तरी ऑइलच्या बाटल्या मोजा. १५० सीसीला एका वेळी साधारण एक लिटर लागते. दर ३,००० ला बदलले असे धरले तर २१,४०० पर्यंत सात बदल. बिलात बारा बदल दिसले तर मालक अति काळजीवाहू आहे किंवा मीटर खोटा आहे. दोनच दिसले तर इंजिनच्या आवाजाकडे जास्त लक्ष द्यायचे.

कागद नसले तरी टायर बोलतो. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ३६२० म्हणजे २०२० चा छत्तिसावा आठवडा. या गाडीचे मूळ टायर २०२० चे असायला हवेत. मागचा टायर जर ४०२१ किंवा १०२२ चा निघाला तर हिशेब बसत नाही. मागचा टायर नीट चालवला तर पंचवीस हजारांच्या आसपास जातो. वर्षाला चार हजार चालणाऱ्या गाडीचा टायर दीड वर्षात कसा संपला? दुकानात टायर काही महिने पडून असतो हे धरूनही नाही. पंक्चरने फाटला असे उत्तर येईल, ते खरेही असू शकते. म्हणून एका खुणेवर निकाल लावायचा नाही. टायरच्या शेजारी चेन-स्प्रॉकेट ठेवा. कंपनीचा मूळ सेट वीस-पंचवीस हजार सहज काढतो. २१,४०० वर दुसरा सेटही झिजून दात माशाच्या पंखासारखे कलले असतील तर टायर खरे बोलत होता. मग पुढची डिस्क. तिच्यावर किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. कडेला नख फिरवल्यावर खोल कड लागली आणि जाडी किमानाच्या जवळ आली असेल तर ते वीस हजारांचे काम नव्हे. फूटरेस्टचे रबर, गिअर लिव्हरचे रबर, किल्लीचे झिजलेले दात, हँडलच्या ग्रिपा, हेही बघा, पण ग्रिपा दीडशे रुपयांत नव्या येतात, म्हणून एकदम नवी ग्रिप हीच शंका. मोबाइल होल्डरने हँडलवर पडलेले चरे आणि हेडलाइटमागे टेप लावून जोडलेली चार्जरची वायर दिसली की चलनांचा कागद पुन्हा काढा.

नंबरप्लेटचा मुद्दा छोटा आहे. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट डीलरकडूनच लागलेली असते, अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला कायमचा क्रमांक असलेली, एकदाच बसणाऱ्या लॉकने. लॉकच्या जागी साधा नट-बोल्ट असेल तर प्लेट निघाली होती. का निघाली, हे पुढून किंवा मागून झालेल्या धडकेशी बहुधा जुळते.

चेसिस क्रमांक हँडलच्या मानेच्या नळीवर असतो. चिखल पुसून त्यावर पांढरा कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप उठेल. सतरा अक्षरे-अंक असतात, आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरे कधीच नसतात. एखादा अंक खोल, एखादा उथळ, ओळ वाकडी, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे किंवा तेवढ्याच भागात ताजा रंग दिसला तर तिथून निघा. बाकी काही पाहायची गरज नाही. इंजिन क्रमांक क्रँककेसवर असतो. तो आरसीशी जुळत नसेल तर इंजिन बदललेले आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण बदललेले इंजिन आरसीवर चढवलेले नसेल तर नाव बदलताना तुम्हीच अडकाल.

अपघाताची खूण शोधायला टाकीकडे बघू नका, रंग कोणीही देतो. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून जिथे टेकते ती लोखंडी टाच बघा. समोरून जोराची धडक झाली की ती चेपते किंवा तिच्या भोवतीचा रंग तडकतो, आणि तिथे रंगवायचे कोणाच्या लक्षात येत नाही. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचला, हँडल मध्यापासून हळू फिरवा. मधोमध खळगा लागल्यासारखे अडकले तर कोनसेट (हँडलच्या मानेतले बेअरिंग) गेला आहे. मुंबईच्या खड्ड्यांत तो तसाही जातो, त्यामुळे एकट्या कोनसेटवरून अपघात ठरवू नका. टाच चेपलेली आणि कोनसेट नवा, हे दोन्ही एकत्र असतील तर ठरवा. शॉकअपच्या नळीवर खालून वर बोट फिरवा, तेलाची पट्टी लागली तर सील गेले आहे. चाके फिरवून रिमची लहर बघा, अलॉयला तडा असेल तर तो आतल्या कडेला असतो.

आता पाणी. मुंबईतल्या जुन्या गाडीत खरोखर कुठे पाणी मुरते ते इथे. हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे, मिठीच्या काठचा कुर्ला, आणि आता इमारतींची तळमजल्याखालची पार्किंगे. गाडी पाण्यात बंद पडली, मालकाने तिथेच पुन्हा सेल्फ मारला, आणि सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दबत नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकला, हा नेहमीचा प्रकार. गाडी दुरुस्त होते, चकाचक होते आणि हिवाळ्यात विकायला येते. शोधायचे असे: सीट काढा. फ्यूज बॉक्स आणि ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या) कनेक्टरमध्ये मोरचुदासारखा निळा-हिरवा थर आहे का? एअर फिल्टरच्या डब्यात आतून चिखलाची आडवी रेघ आहे का? त्या डब्याखाली छोटी पारदर्शक नळी टोपण लावून लोंबत असते, तिच्यात गढूळ पाणी आहे का? हेडलाइटच्या काचेत आतून बारीक गाळ, मीटरच्या काचेत वाफ, सीटच्या फोमला कुबट वास. मागे ड्रम ब्रेक असेल तर मेकॅनिककडून चाक काढून आत बघा. धुणारा माणूस तिथे पाइप घालत नाही, गाळ सुकून राहिलेला असतो. इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी मिसळले आहे. पावसाळ्यात छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणावर पांढरट साय येतेच, ती दमटपणाची असते. झाकणावर साय आणि इंजिनवरच्या ऑइल बघायच्या काचेत खालपर्यंत स्वच्छ तेल, तर ठीक. सगळेच दुधाळ, तर नाही.

खारी हवा वेगळी आणि बुडणे वेगळे, हे दोन्ही लोक एकच समजतात. वर्सोवा, वरळी कोळीवाडा, उत्तन इथली गाडी बाहेरून गंजते: मेन स्टँड, सायलेन्सरची खालची बाजू, स्विंगआर्मचे सांधे. बुडालेली गाडी आतून गंजते आणि बाहेरून चमकते. बाहेरचा गंज पैसे कमी करायला कामाचा, आतला गंज गाडी सोडून द्यायला.

इंजिन थंड असतानाच बघा, आणि जाण्याआधी "आधी चालू करून ठेवू नका" असे सांगा. पोहोचल्यावर सायलेन्सरला हात लावून खात्री करा. पहिल्या सेल्फला निळा धूर निघून थांबला तर वाल्व सील गेले, थ्रॉटल वाढवल्यावर सतत निळा धूर तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर झिजले. किल्ली फिरवल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. न विझणे वाईट, पण मुळात न लागणे त्याहून वाईट, कारण कोणीतरी तो बंद केला आहे. बीएस-६ गाडीचे दोष-कोड स्कॅनरवर वाचता येतात. अधिकृत केंद्रात तपासणीचे पैसे भरून ते वाचून घ्या, आणि त्याच वेळी त्या चेसिसवर कंपनीचे एखादे रिकॉल (दोषामुळे जाहीर केलेली दुरुस्ती) बाकी आहे का तेही विचारा. पहिल्या मालकाने ते करून घेतले नसेल तर तुम्हाला ते फुकट करून मिळते.

रेघ आता भरली असेल. सगळे जुळणार नाही, कुठल्याच गाडीचे जुळत नाही. एखादी पीयूसी नाही, बोनस ३५ च आहे, पुढचा टायर अवेळी बदललेला, असे असले आणि प्रत्येकाचे साधे उत्तर मिळाले तर गाडी घ्यायला हरकत नाही. किलोमीटरच्या तीन वेगळ्या खुणा मीटरच्या विरुद्ध बोलत असतील तर किंमत चाळीस हजार किलोमीटरच्या पुढे चाललेल्या गाडीची लावा, किंवा नकोच म्हणा. चेसिस क्रमांक, पाणी आणि "मालक गावी गेलाय" या तीन गोष्टींत मात्र घासाघीस करायची नाही.

पैसे देताना फॉर्म २९ आणि ३० तुमच्या नावाने पूर्ण भरून घ्या, कोरे नकोत. राज्याच्या आत विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलायला अर्ज करायचा असतो. विकणाऱ्यालाही हे सांगा, त्याच्याच फायद्याचे आहे. नोंदीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. ताबापावतीवर तारखेसोबत वेळही लिहा, सकाळी ११ वाजून २० मिनिटे अशी, आणि मीटरचा आकडाही. त्याच दुपारी सिग्नल तोडल्याचे चलन आले तर कोणाचे, याचा वाद राहत नाही. इन्शुरन्स कंपनीला १४ दिवसांच्या आत नावबदलाचा अर्ज द्या. तोवर थर्ड पार्टी कव्हर तुमच्याकडे आलेले असते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम नाव बदलल्याशिवाय मिळत नाही. बोनस विकणाऱ्याकडेच राहतो, त्यामुळे फरकाचे थोडे पैसे भरावे लागतील.